संगणक आपला, वेळापत्रक कोणाचे?

बडोद्यातल्या ज्या छोट्या मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी गेली काही वर्षे काम करतो, तिथे मागच्या बैठकीत अकरा संगणकांवरून तीन तास वाद झाला. विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 आमच्या अकरापैकी नऊ यंत्रांवर चढत नाही, कारण त्यांचे प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय त्यांच्यात नाही. ही नऊही यंत्रे धडधाकट आहेत. देवघेवीच्या टेबलावरचे यंत्र सकाळी सुरू केले की संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत चालते. त्याच्या कळफलकावरची काही अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत, पण ते आजवर एकदाही दुरुस्तीला गेलेले नाही. अशा यंत्रांचे काय करायचे, एवढाच प्रश्न होता. वाद मात्र लगेच दुसऱ्या वाटेला लागला. एका बाजूचे म्हणणे, नवी यंत्रे घ्या पण विंडोज सोडू नका, कारण स्थिर तीच. दुसऱ्या बाजूचे उत्तर, विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घ्या, ती कधी बंद पडत नाही, फुकट मिळते आणि हवी तशी बदलता येते. एका तरुण सभासदाने ॲपलच्या मॅकचे नाव घेतले. आमच्या ज्येष्ठ कोषाध्यक्षांनी, ज्यांच्या चोपड्यात आजवर एका रुपयाची चूक निघालेली नाही, शांतपणे विचारले, “अहो, चालतंय ना? मग चालू द्या की.” त्या यंत्रावर रोज सात-आठ तास बसणाऱ्या ताई देवघेवीची फाइल घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना कोणी काहीच विचारले नाही.

हा वाद आमच्यापुरता नाही. शाळांत, दवाखान्यांत, पतपेढ्यांत तो याच शब्दांत चालतो: स्थैर्य, प्रगती आणि मनाजोगते बदल या तीन विषयांत तीन ऑपरेटिंग सिस्टीमना, म्हणजे संगणक चालवणाऱ्या कार्यप्रणालींना, गुण द्यायचे आणि बेरीज जास्त येईल तिला निवडायचे. माझे म्हणणे असे आहे की हे तिन्ही गुण कार्यप्रणालीच्या अंगी चिकटलेले नसतात. ती कोणी बनवली, कोण वापरतो आणि बिघडली तर कोण धावून येतो, या माणसांच्या नात्यावर ते अवलंबून असतात. बदल कधी यावा हे कोण ठरवते? तो नाकारता येतो का? आणि बदलानंतर अडले तर हाताशी कोण आहे? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निवड व्हायला हवी. या कसोटीने त्या नऊ यंत्रांवर लिनक्स टाकावे याच मताचा मी आहे. पण बैठकीत जी कारणे सांगितली गेली त्यांतली बहुतेक मला पटत नाहीत, आणि ज्या क्रमाने ते करायचे ठरत होते तो क्रम तर मला धोक्याचा वाटतो.

आधी स्थैर्याचा विचार करू. ‘विंडोज पडते, लिनक्स पडत नाही’ हे वाक्य विंडोज 98 च्या काळातल्या आठवणींवर उभे आहे. 2001 मध्ये एक्सपी आली तेव्हापासून घरगुती विंडोजही कार्यालयीन विंडोजच्या भक्कम गाभ्यावर चालू लागली आणि यंत्र कोसळल्यावर दिसणारा निळा पडदा ही रोजची गोष्ट उरली नाही. मग 19 जुलै 2024 रोजी काय झाले? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बसले, आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. यातून विंडोज कच्ची असल्याचा निष्कर्ष काढणारे घाई करतात. चूक विंडोजच्या बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरची होती. ते गाभ्यात शिरून काम करत होते म्हणून सगळे यंत्र घेऊन पडले. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या लाखो लोकांची यंत्रे बंद पडली, त्यांपैकी किती जणांना तो बदल त्या शुक्रवारी येणार हे माहीत होते? किती जणांना ‘आधी एका यंत्रावर लावून बघतो, मग बाकीच्यांवर’ असे म्हणण्याची मुभा होती?

लिनक्सच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही त्याच वर्षीचा मार्च महिना विसरू नये. एक्सझेड नावाचे, माहिती दाबून साठवणारे एक छोटे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळणारा माणूस एकटा होता आणि थकलेला होता. मदतीला आलेल्या एका अनोळखी नावाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, आणि त्याने ती गोष्ट सोडून दिली नाही. 29 मार्च 2024 रोजी त्याने ती जाहीर केली. हा माणूस मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे. कोट्यवधी यंत्रांचा आधार एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर असणे हे ‘लिनक्स सुरक्षित’ म्हणणाऱ्यांना आनंदाने मिरवण्यासारखे नाही. मात्र सगळे काम उघड्यावर होते, म्हणूनच बाहेरच्या माणसाला पाणी कुठे मुरते आहे हे शोधून काढता आले, हेही तितकेच खरे. म्हणजे पडण्या-न पडण्याच्या हिशेबात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे आणि लपवण्यासारखे सारखेच आहे. त्या हिशेबाने निर्णय होणार नाही.

आता वेळापत्रकाकडे येऊ. विंडोजच्या बाजूने सर्वांत जड युक्तिवाद जुन्या प्रोग्रॅमांना सांभाळण्याचा आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. विंडोज 95 तयार होत असताना सिमसिटी हा लोकप्रिय खेळ तिच्यावर कोसळत होता. दोष खेळाचा होता, मोकळी केलेली स्मृती तो पुन्हा वाचत असे. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी खेळ बनवणाऱ्यांना दोष देत बसण्याऐवजी तो खेळ चालू आहे हे ओळखून स्मृती वेगळ्या रीतीने सांभाळण्याची सोय विंडोजमध्येच केली. एवढ्या थरापर्यंत वापरणाऱ्याची काळजी घेणारी परंपरा दुसऱ्या कोणत्याही कंपनीची नाही. वीस वर्षांपूर्वीचा हिशेबाचा प्रोग्रॅम आजही आमच्या कोषाध्यक्षांच्या यंत्रावर उघडतो, तो याच परंपरेमुळे. पण ही निष्ठा प्रोग्रॅमांशी होती, आणि आता प्रश्न यंत्रांचा आला आहे. विंडोज 10 ला आणखी जगवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे का? तसे असते तर मी गप्प बसलो असतो. परंतु त्याच विंडोज 10 ची, कारखान्यांतल्या आणि दवाखान्यांतल्या उपकरणांसाठी काढलेली दीर्घ मुदतीची एक आवृत्ती आहे, आणि तिला 2032 च्या जानेवारीपर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहणार आहेत. घरगुती ग्राहकाला वाढीव मुदत मिळाली ती एका वर्षाची, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. गाभा एक, दुरुस्त्या बहुतांशी त्याच. मुदतीत मात्र पाच वर्षांहून अधिक अंतर. हे अंतर कशाने पडले? मोठा करार करणाऱ्या ग्राहकाने स्थैर्य विकत घेतले, आणि वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयाला ते मिळाले नाही. विंडोज स्थिर आहे की नाही, या प्रश्नाला ‘कोणासाठी’ हा शब्द जोडल्याशिवाय अर्थच उरत नाही.

लिनक्समध्येही यंत्रे कायमची सांभाळली जातात असे नाही. डेबियन हा लिनक्सचा एक जुना प्रकार; ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने जुन्या 32 बिटच्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. आमची नऊ यंत्रे 64 बिटची आहेत म्हणून सुटली. आणि जुन्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत लिनक्सचा इतिहास दुभंगलेला आहे. गाभ्यात केलेल्या बदलाने चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम फार कडक. त्यावरून त्यांनी सहकाऱ्यांना चारचौघांत झापलेले आहे. पण गाभ्याच्या वरचा जो भाग आपल्याला पडद्यावर दिसतो, तिथे असा नियम कोणी पाळला नाही. 2011 मध्ये जीनोम या पडद्यावरच्या रूपाची तिसरी आवृत्ती, जीनोम 3, आली आणि लोकांच्या सवयीचा मेनू, खालची पट्टी, सगळे एका फटक्यात गेले. त्याच वर्षी उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराने युनिटी नावाचे स्वतःचे रूप सगळ्यांपुढे ठेवले, सहा वर्षे रेटले आणि 2017 मध्ये सोडून दिले. प्रगतीच्या नावाखाली झालेली ही तोडफोड वापरणाऱ्यांना विचारून झाली नव्हती. मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये विंडोज 8 मधून स्टार्टचे बटण काढले तेव्हा झाले तेच इथेही झाले. दोन्ही ठिकाणी बनवणाऱ्यांना वाटले की टॅब्लेटचे युग आले आहे आणि टेबलावरच्या माणसानेही आता पडद्याला बोटे लावावीत.

मग फरक कुठे आहे? पुढच्या दोन-तीन वर्षांत काय झाले ते पाहा. विंडोज 8 न आवडलेल्या माणसाला विंडोज 7 वर थांबणे किंवा कंपनीचे मन बदलण्याची वाट पाहणे, हे दोनच मार्ग होते. 2013 मध्ये बटण परत आले, खरा मेनू 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर आला. जीनोम 3 न आवडलेल्या लोकांनी जुन्या जीनोमची प्रत घेऊन माटे या नावाने ती पुढे चालवली. दुसऱ्या एका गटाने नव्या जीनोमच्याच पायावर जुन्या वळणाचे सिनॅमन उभे केले. आजही ती दोन्ही जिवंत आहेत. चुका दोघांनीही केल्या, पण एका ठिकाणी चूक नाकारण्याचा हक्क वापरणाऱ्याकडे होता. मनाजोगते बदल म्हणजे पडद्याचा रंग, चिन्हांचा आकार, पट्टी डावीकडे की खाली, अशी जी समजूत आहे ती मला फार तोकडी वाटते. विंडोज 11 आली तेव्हा पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची सोय काढून टाकलेली होती, याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण पट्टी खाली असल्याने कोणाचे काम अडत नाही. काम अडते ते नकाराची सोय नसते तेव्हा.

मॅकबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण आमच्यासारख्या संस्थांच्या खिशाबाहेरचा तो विषय आहे. यंत्र आणि कार्यप्रणाली एकाच हातून येत असल्याने तिथले काम नेटके असते, आणि प्रगतीचा वेगही तिथेच सर्वांत जास्त आहे. 1994 मध्ये पॉवरपीसी, 2006 मध्ये इंटेल, 2020 मध्ये ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर: तीन वेळा पाया बदलूनही इमारत उभी ठेवणे हे अभियांत्रिकीचे थोर काम आहे. त्याची किंमतही तितकीच स्पष्ट आहे. मॅकच्या 2019 च्या कॅटालिना या आवृत्तीने 32 बिटचे सगळे प्रोग्रॅम एका दिवसात बाद केले, आणि इंटेलच्या मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती असेल हे ॲपलने 2025 मध्येच सांगून टाकले. मागचे ओझे टाकत जाणाऱ्यालाच इतक्या वेगाने चालता येते. ज्याला ते परवडते त्याने खुशाल त्या वाटेने जावे.

आणि कोषाध्यक्षांचे ‘चालू द्या की’? त्यांच्याबद्दलचा आदर ठेवून मी म्हणतो की या सगळ्या मतांत ते सर्वांत धोक्याचे आहे. विंडोजमधल्या एका छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्ये दिली होती. 12 मे रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर त्याच छिद्रातून आत शिरले आणि इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती हातात असून लावली गेली नव्हती. सपोर्ट संपलेल्या यंत्राला तर अशी दुरुस्ती सहसा येतच नाही. थांबून राहणे हे स्थैर्य वाटते, पण आपण थांबलो म्हणून चोर थांबत नाहीत. बदल आपल्या सोयीने घेण्याचा हक्क मी मागतो आहे. बदल न घेण्याची सवय त्यात बसत नाही. लिनक्समधल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या मला इथे उपयोगाच्या वाटतात: उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षे तिला सुरक्षेचे अपडेट मिळतात, म्हणजे पुढची आवृत्ती आल्यावरही तिच्यावर जायला सुमारे तीन वर्षांची सवड राहते, आणि ती सवड कोणताही करार न करता आम्हालाही मिळते, विनामूल्य.

आता मनाजोगत्या बदलांच्या खऱ्या किमतीचा विचार करू, आणि त्यासाठी बडोद्याबाहेर जाण्याची गरज नाही. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारी ड्युईची दशमान वर्गीकरण पद्धत तोवर चौतीस वर्षांची झाली होती. ती तयार होती, छापलेली होती, सर्वत्र पसरत होती. तरीही बॉर्डनने कटर या दुसऱ्या अमेरिकन ग्रंथपालाच्या आणि ड्युईच्या पद्धतींतले घेऊन बडोद्यासाठी निराळी पद्धत बांधली. ड्युईच्या धर्मविभागात 220 ते 280 चे सात गट बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, तर जगातले उरलेले सगळे धर्म 290 च्या एका गटात. अशा कपाटात आपले वेद, पुराणे, गाथा आणि बखरी कशा मावणार? तेव्हा निराळी पद्धत हवी होती हे कबूल. पण पुढे काय झाले? ड्युई जगभर गेली आणि बॉर्डनची पद्धत बडोद्याबाहेर फारशी गेली नाही. जगात कुठेही छापलेले पुस्तक ड्युईचा क्रमांक घेऊन येऊ शकत होते. बॉर्डनचा क्रमांक मात्र प्रत्येक पुस्तकाला इथल्याच माणसाने, इथेच बसून द्यायचा. आपल्यापुरता केलेला बदल एकदा करून संपत नाही, तो जन्मभर सांभाळावा लागतो. तरीही बॉर्डनचे काम वाया गेले नाही, कारण 1911 मध्येच त्याने इथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला होता. 1913 मध्ये तो परत गेला तेव्हा काम पुढे नेणारी माणसे बडोद्यात तयार होती. लिनक्सचा आग्रह धरणाऱ्या माझ्या मित्रांनी या वर्गाची आठवण ठेवावी असे मला फार वाटते. ‘हवी तशी बदलता येते’ हे ते अभिमानाने सांगतात. बदल करून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर तो बदल कोणी सांभाळायचा, हे सांगत नाहीत.

दुसरे उदाहरण बडोद्याजवळच्या डभोईचे. खंडेराव महाराजांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा अडीच फुटी रूळमार्ग टाकला आणि त्यावरून बैलांनी डबे ओढले. ब्रॉडगेजचा खर्च पेलणारा नव्हता, गरज मोठी होती, म्हणून आपल्या ऐपतीचा, आपल्या मापाचा रस्ता केला. पुढे त्यावर नियमित इंजिने धावू लागली आणि डभोई हे छोट्या गाडीचे मोठे जंक्शन झाले. पण मियागामला जिथे हा रूळ मोठ्या रुळाला भेटत असे, तिथे कापसाची प्रत्येक गासडी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. गाडी कोणत्या इंजिनाने ओढली यावर वाद घालणाऱ्याला त्या फलाटावरची हमाली दिसत नाही. संगणकाच्या जगात तो फलाट म्हणजे फाइल: आपली माहिती कोणत्या स्वरूपात साठवली आहे, ती दुसऱ्या यंत्रात तशीच उघडते का, हे ठिकाण. आणि इथेच आमच्या ग्रंथालयाचे घोडे खरोखर अडले आहे.

आमच्या सुमारे बारा हजार पुस्तकांच्या नोंदी विसेक वर्षांपूर्वी एका स्थानिक व्यावसायिकाने करून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहेत. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात मराठी अक्षरे म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेला एक फॉन्ट आहे. फॉन्ट असेल तर पडद्यावर मराठी दिसते. फॉन्ट काढला की तीच नोंद रोमन अक्षरे, टिंबे आणि चलनांच्या चिन्हांची रांगोळी होते. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी कधी लिहिलेलेच नाही. तो व्यावसायिक आता या धंद्यात नाही. अठराव्या शतकातला मोडी कागद वाचून देणारी माणसे आजही बडोद्यात सापडतात, पण ही वीस वर्षांपूर्वीची नोंद फॉन्ट हरवला तर कोणाला वाचता येणार नाही. विंडोज ठेवली तर ही अडचण सुटते का? नाही, झाकली जाते. लिनक्स टाकले तर सुटते का? मुळीच नाही, उलट उघडी पडते.

मी स्वतः बसून काही शे नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणून पाहिल्या. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासून आहे. रूपांतर करून देणारी साधनेही मिळतात. काम जिथे अडले ती जागा फार लहान होती. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला गुरूला, दुसरा स्वयंपाक्याला. दुसऱ्यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा आडवा काढतात, आणि हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतराच्या साधनांना तो ओळखताच येत नाही. त्यांनी आमच्या यादीतल्या कादंबऱ्यांचे कादंबर्या करून टाकले. हाताने सुधारायला बसलो तर निराळेच दिसले: हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, तिच्याने एक रीत. उच्चारावर चालणाऱ्या काही कळफलकांवर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ही दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र निराळे. ताईंनी एका रीतीने ‘कादंबऱ्या’ शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या नोंदी सापडत नाहीत, आणि वाचकाला उत्तर मिळते की पुस्तक आपल्याकडे नाही, जेव्हा ते चार हातांवर कपाटात असते. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर हे असेच घडते. तीन तासांच्या वादात या एका अक्षराचा उच्चारही झाला नाही.

लिनक्सच्या विरोधकांकडे एक मोठे उदाहरण आहे, त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, 2013 पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. एवढ्या श्रीमंत, शिस्तीच्या शहराला जे टिकवता आले नाही ते आपल्याला कसे टिकेल? प्रश्न रास्त आहे. पण तिथल्या तक्रारी लिनक्सच्या गाभ्याविषयी क्वचितच होत्या; बाहेरून येणाऱ्या फाइली नीट न उघडणे, विंडोजवरच चालणारे विभागीय प्रोग्रॅम, अनेक खात्यांत विखुरलेली संगणक-व्यवस्था आणि बदललेले राजकारण, अशी ती कारणे होती. म्हणजे पुन्हा तोच मियागामचा फलाट. याच्याजवळ फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीसदलाचे उदाहरण ठेवून पाहावे. त्यांनी 2005 मध्ये आधी फक्त कागदपत्रांचा प्रोग्रॅम बदलला, विंडोज होती तिथेच ठेवली. मग ब्राउझर आणि ईमेल बदलले. आणि 2008 पासून, सगळे रोजचे काम मोकळ्या स्वरूपाच्या फाइलींवर बसल्यानंतर, खालची कार्यप्रणाली बदलून उबुंटू आणली. तिथे ती टिकली. आपल्याच देशात केरळच्या सरकारी शाळांनी दोन दशके मुक्त सॉफ्टवेअरवर काढली आहेत, आणि तिथे आधी शिक्षक तयार केले गेले. हा बॉर्डनचा वर्गच, शंभर वर्षांनंतर दुसऱ्या राज्यात भरलेला.

काही अडचणींना माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मी बैठकीतही सांगेन. कोषाध्यक्षांचे टॅली विंडोजवर चालते. विवरणपत्र भरताना लागणारी डिजिटल सहीची यूएसबी टोकन लिनक्सवर कधी चालते, कधी दिवसभर छळते. आमच्या स्कॅनरसोबत आलेला प्रोग्रॅम फक्त विंडोजचा आहे. आणि रावपुऱ्यातून ज्यांना आम्ही दुरुस्तीला बोलावतो ते भाई चांगले कारागीर आहेत, फोन केला की तासाभरात स्कूटरवरून येतात, पण कोणत्याही आजाराला त्यांचे एकच औषध आहे, “फॉर्मेट मारून देतो.” लिनक्सच्या यंत्रापुढे त्यांना बसवले तर ते हात लावणार नाहीत, आणि तासाभरात येणारा माणूस गमावणे हा कोणत्याही ग्रंथालयासाठी लहान तोटा नाही. म्हणून विंडोज 11 चालवू शकणारी दोन यंत्रे तशीच राहावीत, टॅली, टोकन आणि स्कॅनर त्यांच्यावर जावेत. म्हणूनच पहिला खर्च यंत्रांवर न करता या भाईंना आणि आमच्या एका कर्मचाऱ्याला लिनक्स शिकवण्यावर व्हावा.

पुढच्या बैठकीत मी जो ठराव मांडणार आहे त्यात पहिले सहा महिने आमच्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याची तरतूद नाही; वाढीव मुदतीची नोंदणी आजच करून टाकायची, म्हणजे ऑक्टोबर 2026 पर्यंतचा वेळ पदरात पडतो. त्या काळात बारा हजार नोंदी युनिकोडमध्ये आणायच्या, अर्ध्या र ची एकच रीत ठरवून ती भिंतीवर लावायची, आणि नोंदी कोहासारख्या मुक्त ग्रंथालय-प्रणालीत उतरवायच्या, जी 2000 पासून न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयात सुरू झाली आणि कोणत्याही यंत्राच्या ब्राउझरमध्ये उघडते. त्यानंतर वाचनकक्षातले एक यंत्र लिनक्सवर न्यायचे, महिनाभर पाहायचे, मग दुसरे. देवघेवीच्या टेबलावरचे यंत्र सगळ्यांत शेवटी, आणि तेही ताईंनी स्वतः वाचनकक्षातल्या यंत्रावर आठवडाभर काम करून ‘चालेल’ म्हटल्यावर. त्या म्हणाल्या की आणखी एक महिना थांबा, तर एक महिना थांबायचे.